सादडदांडला माणसं आणायला

पंचवटीतल्या पेठ नाक्यावर सकाळी सातच्या गाडीत मी चढले, तेव्हा माझ्याजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत आमच्या मळ्यातले चार फ्लॉवरचे गड्डे आणि किलोभर ढोबळी मिरची. दुसरीत जुन्या साड्यांचं गाठोडं. ह्यांनी मला मोटरसायकलवरून नाक्यापर्यंत सोडलं होतं. गाडी हलली तेव्हा खिडकीपाशी येऊन ते पुन्हा म्हणाले, "दहा जण आले तरी भागेल. आठ आले तरी चालेल. पण परवापर्यंत."

मी मखमलाबादची. लग्न झाल्यापासून द्राक्षबाग, फुलं आणि भाजीपाला ह्यांतच आयुष्य गेलं. दोन हजार साल सरत आलं होतं. डिसेंबरचा महिना होता, आणि आमच्या बागेत मण्यांची विरळणी तोंडावर आलेली. घडातले दाटीचे मणी वेळेवर कापून काढले नाहीत तर उरलेले फुगत नाहीत, आतून सडतात. हे काम आठ-दहा दिवसांतच व्हावं लागतं आणि त्याला हात लागतात. अकरा वर्षं ते हात पेठच्या डोंगरातून येत होते. दिवाळी झाली, भात झोडून झालं की मंजुळाबाई आणि तिचा नवरा काशिनाथ आपल्या पाड्यावरची माणसं घेऊन येत, बागेच्या कडेला झोपड्या घालत आणि होळीला परत जात.

यंदा कुणी आलं नव्हतं. आमच्याकडेच नाही, शेजारच्या बागांतही नाही. दोघातिघांनी डोंगरात जीप पाठवल्या, त्या रिकाम्या परत आल्या. मग घरात ठरलं की मी जावं. "तुझं आणि तिचं पटतं," हे म्हणाले.

पटत होतं, हे खरं. पण अकरा वर्षांत मी तिचं गाव पाहिलं नव्हतं. दरवर्षी होळीला निघताना ती म्हणायची, "वहिनी, एकदा आमच्याकडं या." मी म्हणायची, "येईन की." गाव कुठल्या दिशेला आहे हेही मी कधी विचारलं नव्हतं.

सावळघाट चढताना गाडीने दोनदा दम टाकला. दुसऱ्यांदा ड्रायव्हरने सगळ्यांना खाली उतरवलं, इंजिनावर पाणी ओतलं आणि एका वळणापर्यंत चालायला लावलं. तिथे उभी राहून मी पहिल्यांदा नीट पाहिलं. मागे नाशिकची बाजू सपाट, हिरवी आणि चौकोनाचौकोनांची. पुढे मात्र डोंगरामागे डोंगर, पिवळ्या गवताचे, आणि मधल्या खाचरांत भाताच्या कापणीनंतर उरलेले खुंट. शेजारी उभा असलेला कंडक्टर म्हणाला, "इथून पुढं पाऊस लय, पाणी नाय." तेव्हा मला ते कोडंच वाटलं.

पेठला उतरून जीप धरली. जीपमध्ये आम्ही किती होतो ते मी मोजलं नाही, पण माझ्या मांडीवर कुणाचीतरी कोंबडी होती आणि ती अर्ध्या वाटेत माझ्या पदराला चांगली सरावली. कोंबडीचा मालक पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा होता. त्याने विचारलं, "कोनाकडं जायचं?"

"सादडदांडला. मंजुळाबाई भोयेंकडे."

"सरपंचाकडं?"

"नाही नाही, मंजुळाबाई. काशिनाथची बायको."

"तीच सरपंच आहा," म्हातारा म्हणाला. (तिकडची जुनी माणसं 'आहे'ला 'आहा' म्हणतात.) "सात पाड्यांची पंचायत. कोनी नातेवाईक का तू?"

मी काहीतरी पुटपुटले. सात पाड्यांची, म्हणजे सात वस्त्यांची सरपंच, आणि मला तिचं आडनावसुद्धा निघताना ह्यांच्या हजेरीच्या वहीत पाहून यावं लागलं होतं.

फाट्यावर जीप थांबली. तिथून सादडदांड दीड तासाची चाल. दांड म्हणजे डोंगराची लांबट सोंड. हे गाव अशा सोंडेवर पसरलेलं आहे आणि तिच्यावर सादड्याची झाडं आहेत, म्हणून सादडदांड. सादड्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. आधी उतार, मग कोरडा ओढा, मग चढ. चढाच्या मध्यावर माझ्या चपलेचा पट्टा तुटला. एका पायात चप्पल आणि एका पायात काही नाही अशी मी दहाबारा पावलं टाकली आणि मटकन दगडावर बसले.

खालून एक बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन चढत होती. हंडे न उतरवता ती थांबली, माझ्या पायाकडे पाहिलं आणि हसली. मग तिने हंडे उतरवले, कमरेचा कोयता काढून पळसाच्या मुळीची साल सोलली, दोन्ही तळव्यांमध्ये वळून तिचा वाख (सालीची दोरी) केला आणि माझी चप्पल पायाला बांधून दिली. वर म्हणाली, "घरी जाईपर्यंत सुटायची नाय."

"पाणी कुठून आणलंत?"

"झिऱ्यावरनं." झिरा म्हणजे खडकातून पाझरणारं पाणी. तिने दरीत बोट दाखवलं. मला तिथे काही दिसलं नाही, इतकं ते खोल होतं. "आता हाय. होळीनंतर तेपण नाय. मग वाटीनं भरायचं."

तिच्या मागोमाग मी चढले. हंड्यातलं पाणी हिंदकळत नव्हतं. मला मात्र चारदा थांबावं लागलं.

दांडावर पोचल्यावर घरं दिसली. कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, कौलं जुनी, अंगणं इतकी स्वच्छ की मला चपला काढाव्याशा वाटल्या. प्रत्येक अंगणात नागलीच्या (नाचणीच्या) कणसांची रास आणि माचावर भाताचा पेंढा. एका झाडाखाली पत्र्याची एक खोली होती, तिच्यावर 'ग्रामपंचायत कार्यालय' असा निळा फलक. दाराला कुलूप. शेजारी दोन खोल्यांची शाळा, आणि तिच्यातून पाढे म्हणण्याचा आवाज येत होता.

"सरपंच कुठे भेटतील?" मी शाळेतल्या गुरुजींना विचारलं.

"कामावर. खाली बंधाऱ्यावर आहेत." गुरुजी तरुण होते, बोलायला उत्सुक. मी नाशिकहून आले म्हटल्यावर त्यांनी मला आत बोलावलं आणि हजेरीपट समोर धरला. "हे बघा, मॅडम. मी इथे आल्यापासून दरवर्षी दिवाळीनंतर ह्या पटावर गैरहजेरीच भरतो. पोरं आईबापांबरोबर बागांवर जातात, होळीला येतात, तोवर शिकलेलं विसरतात. पुन्हा पहिली. यंदा बघा."

मी पाहिलं. पानभर हजेरी होती. नावांत एक नाव ओळखीचं वाटलं: मंजुळाबाईची मुलगी. ती दर हिवाळ्यात आमच्या बागेत यायची, लहान भावंडं सांभाळायची. मी तिला बोरं द्यायची, गूळ द्यायची. ती कितवीत आहे हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. वर्गात ती मागच्या रांगेत बसली होती, बाकीच्यांपेक्षा हातभर उंच. मला पाहून ती ओळखीचं हसली आणि पुन्हा पाढ्यात मिसळली.

बंधाऱ्याचं काम दांडाच्या उत्तरेला, दोन डोंगर जिथे जवळ येतात तिथे चाललं होतं. साठसत्तर माणसं असतील. पुरुष माती खणत होते, बाया पाट्या वाहत होत्या. चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषेवर कमरेइतका बांध उभा राहिलेला. मी सरपंच शोधत होते, म्हणजे कुणीतरी छत्रीखाली उभं असेल, हातात कागद असेल, असं. मंजुळाबाई मला डोक्यावर दगडाची पाटी असलेल्या रांगेत दिसली.

तिने पाटी रिकामी केली, कपाळाची माती मनगटाने पुसली आणि म्हणाली, "वहिनी! आलीस शेवटी."

आमच्या बागेत ती मला 'तुम्ही' म्हणायची. इथे 'तू' म्हणाली. मला क्षणभर चमकल्यासारखं झालं. मग लक्षात आलं की जीपमधला म्हाताराही मला 'तू' म्हणाला होता. ह्या डोंगरात सगळे सगळ्यांना 'तू'च म्हणतात, कलेक्टरलाही. 'तुम्ही' ती आमच्याकडे येताना नेसायची आणि परत जाताना सोडून ठेवायची. तिच्या गावात ते तिला लागत नव्हतं. पुढच्या दोन दिवसांत त्या 'तू'ची मला इतकी सवय झाली की घरी आल्यावर ते ऐकायला मिळेना तेव्हा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी तिच्या घरी चुलीपाशी बसले. नागलीची भाकरी, उडदाचं वरण, खुरासणीची (कारळ्याची) चटणी. माझ्या फ्लॉवरची भाजी तिने सगळ्या आळीला वाटून टाकली, त्यामुळे माझ्या वाटणीला दोनच तुरे आले. काशिनाथ एका बाजूला कोयत्याला धार लावत बसला होता; बोलणं त्याने बायकोवर सोपवलेलं.

जुन्या साड्यांचं गाठोडं मी दाराआड सरकवून ठेवलं होतं. अकरा वर्षं मी तिला असंच गाठोडं देत आले, पण ते सरपंचाच्या घरी उघडायला हात होईना. तिनेच ते ओढलं. "ह्यात काय? साड्या? बरं केलंस." तिने एक साडी उचलून टर्रकन फाडली. "चुंबळी संपल्या सगळ्या. दगडानं डोकी सोलून निघालीत बायांची." तासाभरात माझ्या पाच साड्यांच्या चुंबळी झाल्या. त्यांतली एक माझ्या पहिल्या दिवाळसणाची होती. इतक्या उपयोगाला ती कधी आली नसती.

मग तिने हात पुसले आणि सरळ विचारलं, "माणसं न्यायला आलीस ना?"

मी मान हलवली.

"दादांनी धाडलं असंल. उद्या सकाळी ग्रामसभा हाय. तिथं सगळ्यांसमोर बोल. मी एकटी 'हो' म्हणनार नाय, अन् एकटी 'नाय'पण म्हणनार नाय."

तिने मग सगळं समजावून सांगितलं. ह्या बंधाऱ्यासाठी ती पावसाळाभर पेठच्या कचेरीत खेटे घालत होती. काम मंजूर झालं, पण अट अशी की गावच्याच माणसांनी ते करायचं आणि उन्हाळ्याआधी संपवायचं. माणसं कमी पडली तर काम दुसऱ्या गावाला जाईल. मजुरी होती, पण ती हातात पडायला उशीर. "पुन्यांदा मागायला मी सरपंच असंन का नाय, कोनाला ठाव," ती म्हणाली.

सकाळी नऊच्या सुमाराला पंचायतीसमोरच्या झाडाखाली सातही पाड्यांची माणसं जमली. दूरच्या पाड्यावरची तर उजाडताच निघाली होती. पुरुष एका अंगाला, बाया दुसऱ्या अंगाला, लेकरं मधे. ग्रामसेवकांनी मागच्या सभेचं वाचून दाखवलं. मंजुळाबाईसाठी खुर्ची होती. ती तिच्यावर बसली नाही, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी राहिली.

पहिला उठला धर्मा नावाचा गडी, चाळिशीचा, उंच, आवाज मोठा. "जीप फाट्यावर उभी हाय. खालच्या बागवाल्यानं धाडली. तो म्हनतो आज निघा. आपन इथं माती वाहतोय. पानी पुढच्या सालाला येईल, पोट आज हाय."

पुरुषांच्या बाजूने बऱ्याच माना हलल्या.

"खरं बोलतो धर्मा," मंजुळाबाई म्हणाली. "पोट आज हाय. पन एक बागवाली इथं बसली हाय. तिलापण ऐकू." तिने माझ्याकडे पाहिलं. "ऊठ वहिनी."

भाषण म्हणून मी आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते. मी म्हणाले, "मी मखमलाबादची. मीसुद्धा माणसं न्यायलाच आले आहे. आमची विरळणी तोंडावर आली. तुम्ही आला नाहीत तर आमची बाग बिघडेल. एवढंच."

लोक हसले, पण वाईट नाही. मी खाली बसणार तोच बायांमधून एक म्हातारी बोलली. डोळ्यांना नीट दिसत नसावं. ती माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून होती.

"बाई, तुझ्या गावची मानसं कुठं जात्यात कामाला?"

"कुठे नाही, आजी. गावातच असतात."

"पोटं नायत का त्यास्नी?"

पुन्हा हशा. मी म्हणाले, "आहेत ना. पण गावात काम आहे."

"कसं काय?"

"पाणी आहे म्हणून." आणि मग माझ्या तोंडून ते आपोआप निघालं. "आधी आमच्याकडेही नव्हतं. सासूबाई सांगतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरातले गडी उन्हाळ्यात बाहेर कामाला जायचे. धरणाचं पाणी आलं, तेव्हापासून गाव सोडून कुणी गेलं नाही."

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. झाडाखाली कुणी हसलं नाही. ज्या कामाला मी आले होते ते मीच, सात पाड्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने मोडून ठेवलं होतं. आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं नाही. घामाने पाठ भिजली होती, एवढंच.

धर्मा अजून उभाच होता. "ते ठीक. पन माझ्या घरात धान्य माघापर्यंतपन पुरायचं नाय."

"माझ्या कणगीतली नागली ने," मंजुळाबाई म्हणाली.

"तोंडानं बोलतेस."

"आजच ने. काशिनाथ, ह्याला भरून दे." मागून काशिनाथने हात वर केला. दोन दिवसांत मी त्याचं तेवढंच मत ऐकलं. "अजून कोनाच्या घरी कमी हाय? आत्ता बोला. मागून चुलीपाशी रडू नका."

तीन घरं बोलली. चार घरांनी द्यायचं कबूल केलं. मग तिने आधी बायांना विचारलं, मग पुरुषांना. हात वर झाले. बंधारा पुरा होईपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही, असं ठरलं. तरीही दोन कुटुंबं त्या जीपने गेलीच. त्यांना कुणी अडवलं नाही. मंजुळाबाई त्यांच्याबरोबर ओढ्यापर्यंत चालत गेली आणि एवढंच म्हणाली, "पोरं शाळेत ठेवा. जेवायचं आमी बघतो." एका घराने ठेवली, एकाने नेली.

सभा संपल्यावर धर्माही कुदळ घेऊन खाली उतरला, आणि मीही गेले. चप्पल वाखाने बांधलेली, डोक्यावर माझ्याच साडीची चुंबळ. मी अर्ध्या पाट्या वाहिल्या, बाकीच्या बाया भरलेल्या. दुपारी बांधावर उभी राहून पश्चिमेकडे पाहिलं. डोंगरांच्या रांगा गुजरातच्या दिशेने फिकट होत गेलेल्या. पावसाळ्यात ह्या दांडावर पडलेलं सगळं पाणी तिकडेच धावत जातं आणि चार महिन्यांनी बाया वाटीने हंडा भरतात. घाटातल्या कंडक्टरचं बोलणं मला तेव्हा उलगडलं. मी मंजुळाबाईकडे पाहिलं. ती हजेरी घेणाऱ्या कारकुनाशी तावातावाने बोलत होती, एका म्हातारीचं नाव राहिलं होतं म्हणून. माझ्या छातीत जे भरून आलं ते मी फक्त माझ्या मुलाच्या दहावीच्या निकालाला अनुभवलं होतं. तिच्यावर तो हक्क मला नव्हता, पण आलं खरं.

तिसऱ्या दिवशी परत निघाले. पेठ नाक्यावर हे घ्यायला आले होते.

"किती येतायत?"

"कुणी नाही."

मोटरसायकलवर मी त्यांना सगळं सांगितलं. घरी आल्यावर चहा घेताना म्हणाले, "आणि हे तू त्यांना सांगितलंस? धरणाचं?"

"विचारलं त्यांनी."

विरळणी आम्हीच केली. मी, सासूबाई, नणंद, भावकीतल्या बाया, रविवारी मुलांचे मित्र. पहाटे उठून दिवस मावळेपर्यंत. माझ्या बोटांना कात्रीचे घट्टे पडले, आणि तेव्हा कळलं की मंजुळाबाईचे हात तसे का होते. तरी बागेचा एक कोपरा राहिलाच. तिथले घड सडले, कापून बांधावर टाकावे लागले. ह्यांना ते लागलं. मलाही लागलं. पण सादडदांडचा निर्णय चुकला असं आम्हा दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. मी माणसं आणायला गेले होते आणि रिकाम्या हाती आले, हे मी आजवर कितीतरी जणांना सांगितलंय, आणि सांगताना माझी मान खाली गेलेली नाही.

फाल्गुनात, द्राक्षं काढायच्या वेळी, मंजुळाबाई आली. बंधारा पुरा झाला होता. बरोबर सहा बाया होत्या. पोरं गावी, शाळेत. मधल्या दिवसांत ह्यांनी गोठ्यामागच्या खोलीवर पत्रे टाकून घेतले होते. कुणी सांगितलं नव्हतं. झोपड्या न घालता त्या तिथेच उतरल्या. चौथ्या दिवशी दुपारी तिने कात्री खाली ठेवली.

"वहिनी, उद्या मी नाय. मासिक सभा हाय, आजच निघावं लागंल. परवा येते."

ट्रक संध्याकाळी यायचा होता, पेट्या निम्म्याही भरल्या नव्हत्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठले, मोटरसायकल काढली आणि तिला म्हणाले, "चला, पाचची गाडी मिळेल."

पेठ नाक्यावर गाडी भरलेली होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. दारात माणसं लोंबत होती. कंडक्टर म्हणाला, बाई, जागा नाही, मागच्या गाडीने या. तेव्हा आमचे हे, जे चारचौघांत कधी आवाज चढवत नाहीत, फुटबोर्डवर पाय ठेवून आत ओरडले, "जरा सरका. सादडदांडच्या सरपंचबाई आहेत. उद्या त्यांची सभा आहे."

आणि लोक सरकले.